कवेलूची शाळा आणि अकरावा फोटो

आमच्या बालाघाटात रिकाम्या इमारतीचा फोटो काढता येत नाही. सरकारची बंदी वगैरे काही नाही. माणसं काढू देत नाहीत, एवढंच.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. त्यापायी एक अख्खा रोल गेला, आमच्या काकूनं माझ्याशी आठवडाभर अबोला धरला आणि आयुष्यात पहिल्यांदाच (शेवटचं नव्हे!) माझ्या कलेवर लाल पेन्सिल फिरली.

साठ-एकसष्ट साल असावं. माझे आईवडील रामपायलीकडं धानाच्या शेतीवर होते. मी शिकायला म्हणून बालाघाटला काकांकडं आलो आणि तिथलाच झालो. नुकताच जंगल खात्यात कारकून म्हणून चिकटलो होतो, आणि नोकरी लागलेल्या पोराला जे जे सुचतं ते सगळं मला सुचत होतं. आधी मिशी ठेवून पाहिली. (ती आली नाही.) मग कॅमेरा घेतला. काका भरवेलीच्या खाणीत टाइमकीपर होते. तिथला एक साहेब बदली होऊन निघाला तेव्हा त्याचं सामान विकायला काढलं होतं. काकांनी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून तो कॅमेरा घरी आणला.

काळा चौकोनी डबा. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्या काचेत डावीकडचा माणूस उजवीकडं दिसायचा आणि उजवीकडचा डावीकडं. मागच्या बाजूला लाल काचेची एक बारीक खिडकी, तिच्यात फोटोचा आकडा. एक फोटो झाला की बाजूचं चाक फिरवून पुढचा आकडा त्या खिडकीत आणायचा. चाक नाही फिरवलं तर काय होतं, हे साहेबानं काकांना सांगितलं होतं म्हणे. काकांनी मला सांगितलं नाही. (सांगितलं होतं, असं काका शेवटपर्यंत म्हणत राहिले.)

पहिला महिना मी तो डबा रोल न घालताच गळ्यात अडकवून हिंडलो. आणि रोज जेवताना भाषण. "माणसांचे फोटो काय, कोणीही काढतो. खरी कला म्हणजे जुन्या इमारती! त्यांच्या भिंती बोलतात."

"भिंती बोलतात तं त्यायलेच वाढायले सांग," काकू म्हणायची. "मी चालली."

माझं भाषण ऐकणारं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे आत्या. काकांची थोरली बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं. त्या काळात भावांशी भांडून ती शिकली, आणि पुढं कन्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. अख्खा गाव तिला बडी बहनजी म्हणायचा. पांढरं काठाचं लुगडं, हातात काळी छत्री, आणि कानामागं लाल पेन्सिल. ही पेन्सिल ती घरीसुद्धा काढत नसे. काकूनं लिहिलेल्या वाणसामानाच्या यादीतलेही ऱ्हस्व-दीर्घ ती तपासायची, आणि मगच सामान यायचं.

तिची शाळा म्हणजे लाल कवेलूंची, म्हणजे कौलांची, एक बैठी, लांबट इमारत. पुढं लाकडी खांबांची छपरी, आणि छपरीच्या कोपऱ्यात घंटा म्हणून छोट्या लाइनच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. अंगणात चिंच. आमच्या राज्याची राजधानी नागपुरात होती तेव्हापासून या शाळेच्या दुरुस्तीचे कागद फिरत होते. राजधानी भोपाळला गेली, तसे ते कागदही तिकडं गेले, आणि तिकडून जे मंजूर होऊन आलं ते वेगळंच. दुरुस्ती नाही, जुनी पाडून नवी सिमेंटची! त्याच उन्हाळ्यात आत्याही निवृत्त होत होती. म्हणजे दोघी एकदमच.

एका संध्याकाळी आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वसंता, तू ते जुन्या इमारतीचं म्हणते ना, खरंच येते का तुले?"

"येते म्हणजे? आत्या, तू फक्त सांग."

"माह्या शाळेचा एक फोटो काढून दे. माहा नको. शाळेचा. कवेलूपासून पायरीपर्यंत पुरी दिसली पाह्यजे."

आत्यानं कधी कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. भावाच्या घरात राहायची, पण पगारातला आपला वाटा देऊन, ताठ मानेनं. तिचा स्वतःचा एकही फोटो नव्हता. घरात फोटोवाला आला की ती पेपर तपासायचे म्हणून आत जाऊन बसायची. अशा माणसानं मागितलेली ही एक गोष्ट! मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. सोमवारी ठेकेदाराची माणसं कवेलू उतरवायला येणार होती. गावात दुसरा रोल मिळत नव्हता. गोंदियाहून मागवलेला बारा फोटोंचा एकच रोल माझ्याजवळ होता. हातात फक्त रविवार उरला होता. पण बारा फोटोंत एक शाळा यायला काय हरकत आहे?

रविवारी सकाळी आम्ही दोघं शाळेत पोचलो. आत्या चिंचेखाली स्टुलावर बसली. मी सूर्य पाठीशी घेतला, डबा पोटाशी धरला, शाळा काचेत बसवली, श्वास रोखला. तेवढ्यात काचेत उजवीकडून काहीतरी घुसलं. (म्हणजे खरं तर डावीकडून.) सुखराम! शाळेचा चपराशी. नवा फेटा बांधून थेट दारासमोर सावधानमध्ये उभा!

"सुखराम, बाजूला हो."

"नहीं भैया. खाली मकान की फोटो नहीं निकालते. जिस घर में कोई मर गया हो, उसकी निकालते हैं. बहनजी के स्कूल का अपशगुन मैं नहीं होने दूँगा."

मी शाळा वाचवायला आलो होतो आणि हा माझ्यापासून शाळा वाचवत होता. वाद घालत बसण्यापेक्षा एक काढून त्याला मोकळं करावं, म्हणून मी खटका दाबला. इथंच चुकलो. खटक्याचा आवाज बालाघाटात कुठवर ऐकू जातो याची मला कल्पना नव्हती.

काका-काकू आमचा जेवणाचा डबा घेऊन फाटकातून येत होते. काकूनं दुरूनच पाहिलं.

"बापा! चपराशाचा फोटो निघून राह्यला अन् घरचे लोकं उभे!"

"काकू, तो मधे आला..."

"मंग आमी काय मधे नाई येऊ शकत?"

आणि आली. काकांना ओढत आली. सुखरामच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला काकू. मी वाकून काचेत पाहतो तोच काकू किंचाळली, "थांब! आमी तिघं झालो!"

इथं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: फोटोत तिघं असू नयेत. तीन तिघाडा, काम बिघाडा. तिघांपैकी एकजण वर्षाच्या आत जातो, अशी आमच्याकडं खात्री होती. त्यामुळं चौथा माणूस पाहिजे. सुखरामनं धावत जाऊन बायकोला बोलावलं. चौघांचा फोटो झाला. मग सुखरामची बायको म्हणाली, तिचा आणि नवऱ्याचा जोडीनं एकही फोटो नाही. जोडी उभी राहिली. तेवढ्यात तिची सासू गोठ्यातून हात पुसत आली. झाले तिघं! शेजारच्या म्हशीवाल्या घोसीला हाक मारली. त्यानं म्हशीसकट यायची अट घातली. म्हैस धरून पाच होतात की चारच, यावर काका आणि सुखराम यांचा शास्त्रार्थ झाला. काकांचं मत पडलं की खाणीच्या हजेरीत जनावर धरत नाहीत. म्हणून म्हैस राहिली आणि माणसं चार धरली. खट्!

असं ते वाढत गेलं. रविवार होता, रस्त्यानं जाणारे मोकळे होते. दोघं उभे राहिले की हमखास तिसरा येऊन खेटायचा, आणि तिसरा आला की चौथा शोधणं भाग. माझे आकडे त्या लाल खिडकीतून भराभर पळत होते. मी दरवेळी म्हणायचो, "यांच्या डोक्यावरून निदान छप्पर तरी येईल." आणि दरवेळी एखादा उंच माणूस मागच्या रांगेत जाऊन उभा राहायचा.

आत्या चिंचेखाली गप्प बसून बघत होती. शाळेत पोरींचा गोंधळ वाढला की ती सुरुवातीला अशीच गप्प बसायची, हे मला नंतर आठवलं.

खिडकीत अकराचा आकडा आला. काकू म्हणाली, "ताई, आता तुमी या. तुमी, हे, अन् मी." म्हणजे पुन्हा तीन! "थांबा, सुखरामले बलावते." काकू आणि काका सुखरामला शोधायला मागं पळाले. आणि आत्या उठली. चिंचेच्या गर्द सावलीतून छत्री न घेता, एक बोट वर करून ती सरळ माझ्या अंगावर आली.

"वसंता! मी तुले काय सांगतलं होतं? काहून आणलं होतं मी तुले इथं?"

मी दचकून तिच्याकडं वळलो, आणि भीतीनं माझा अंगठा खटक्यावर पडला. खट् झालं. ते मला ऐकू आलं नाही. आत्याचं बोट नाकासमोर असताना बालाघाटात कुणालाच दुसरं काही ऐकू येत नसे.

"एक बी माणूस आता समोर दिसला नाई पाह्यजे. समदे माह्या मागं!"

अख्खी पलटण चिंचेखाली गेली. म्हैससुद्धा. मी शाळेचं एक स्टूल मागितलं, त्यावर डबा ठेवला. काचेत शाळा. फक्त शाळा! कवेलूपासून पायरीपर्यंत. छपरी, खांब, रुळाचा तुकडा, उघड्या खिडक्या. खट्!

मग मी चाक फिरवलं. खिडकीत बारा आला. शाळा तर झाली होती. एक फोटो उरला होता. तो वाया कशाला घालवा, म्हणून सगळ्यांना बोलावून शेवटचा मोठा ग्रुप काढून टाकला. काकू खूश. सुखराम खूश. मी तर काय विचारूच नका.

सोमवारी रोल छोट्या गाडीनं गोंदियाला गेला आणि इकडं कवेलू उतरायला लागले. त्या दिवशी सुट्टी असूनही आत्या घंटेच्या वेळेला छत्री घेऊन निघाली. मी कामावर जाताना फाटकाशी थांबलो. ती चिंचेखाली उभी होती. वरून माणूस कवेलू सोडायचा, खालचा झेलायचा. एखादा हुकून फुटला की आत्याचा खांदा हलायचा. मला तिच्याजवळ जाववलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "फोटो कधी येतीन रे?" नंतर रोज संध्याकाळी तेच. जेवण निम्म्यावर आलं होतं तिचं. काकूसुद्धा त्या दिवसांत मीठ कमी पडल्याबद्दल स्वतःहून बोलायची, आत्यानं निदान तेवढ्यासाठी तरी तोंड उघडावं म्हणून.

फोटोंचं पाकीट आलं तेव्हा सगळे घरच्या छपरीत जमले. सुखरामलाही निरोप गेला होता. आत्यानं चष्मा पुसला, कानामागची लाल पेन्सिल काढली आणि म्हणाली, "एकेक दे."

मी पहिला दिला.

"शाळा कुठं आहे?"

"सुखरामच्या फेट्यामागं."

"फेटा सरळ बांधला आहे. दहापैकी दोन. ते त्याचे."

दुसरा दिला. काका डोळे बारीक करून म्हणाले, "शाळा डावीकडं कलली ना रे. खाणीत असती तं आमी टेकू लावला असता."

"काका, शाळा नाही, माझा हात कलला."

"मंग तुले टेकू लावा लागते."

काकूला फक्त स्वतःचा पदर दिसत होता. "माहा पदर पाह्य कसा आला! अन् तोंड कुठं गेलं माहं?" काकूचं तोंड कडेला कापलं गेलं होतं. (अबोला इथून सुरू झाला.) सुखरामच्या मते सगळ्यांत उत्तम फोटो म्हशीचा होता. "देखो बहनजी, कैसी सीधी देख रही है! आदमी सब आँख मीच के खड़े हैं." हे मात्र खरं होतं. सूर्य माझ्या पाठीशी म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांवर. अख्ख्या बालाघाटात त्या दिवशी डोळे उघडे असलेली एकटी म्हैसच. आत्यानं तिला पाच दिले.

एकामागून एक गठ्ठा उतरत गेला. कुठं शाळेचा खांब कुणाच्या कानातून निघालेला, कुठं खिडकी कुणाच्या काखेत. आत्या प्रत्येकाच्या मागं लाल आकडा टाकत होती आणि आकडे खाली खाली चालले होते. पण मला फिकीर नव्हती. मी अकराव्याची वाट पाहत होतो.

अकरावा वर आला. मी न पाहताच रुबाबात पुढं केला. "ही घे तुझी शाळा!"

काकूनं आधी पाहिला. "अवं माय वं!" म्हणून ती दोन हात मागं सरकली. "भूत!"

मी वाकून बघितलं. शाळा होती. अगदी पुरी होती. पण त्या शाळेवर, पायरीपासून कवेलूंपर्यंत, पांढऱ्या लुगड्यातली आत्या उभी होती. आरपार दिसणारी! तिच्या पोटातून शाळेचं दार दिसत होतं, खांद्यातून खिडक्या. आणि तिचं ते वर केलेलं बोट बरोबर त्या रुळाच्या तुकड्याला टेकलेलं.

आत्याचं बोट नाकासमोर असताना माझा अंगठा कुठं होता, आणि चाक नाही फिरवलं तर काय होतं, ते मला त्या क्षणी कळलं. आता काकांनी सांगायची गरज नव्हती.

"जित्या माणसाचं भूत घरात ठेऊ नये," काकू म्हणाली. "चुलीत घाला आधी!" सुखरामनं हात जोडले. काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढच्या गाडीनं रामपायलीला निघायची मनातल्या मनात तयारी केली. एकच गोष्ट मागितली होती तिनं. शाळा आता जागेवर नव्हती आणि रोल परत मिळणार नव्हता.

"आण इकडं," आत्या म्हणाली.

तिनं फोटो उजेडाकडं धरला. 

"वसंता, हे कसं झालं?"

"आत्या, ही एक नवी पद्धत आहे. विलायतेत सध्या..."

"वसंता."

"चाक फिरवायचं राह्यलं."

"हं." ती पुन्हा फोटोत शिरली. बोटानं एकेक खिडकी दाखवत गेली. "हे पहिलीची. इथं पोरी रडत. हे चौथीची, पावसात गळे. इथं माही खुर्ची." मग तिचं बोट फोटोतल्या तिच्या बोटापाशी येऊन थांबलं. "घंटी वाजवून राह्यली मी, नाई का?"

"हौ ताई," काका म्हणाले.

आत्याचे डोळे भरून आले. आम्ही कुणी ते कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं कुणीकडं बघावं हे कुणालाच कळेना. काकू पटकन उठून तिच्याजवळ जाऊन बसली. भुताचं विसरून तिनं आत्याचा हात धरला. "ताई, तुमी लय चांगल्या दिसून राह्यल्या जी यात," ती म्हणाली, आणि मग दोघीही रडायला लागल्या.

थोड्या वेळानं आत्यानं पदरानं डोळे पुसले आणि पेन्सिल उचलली.  फोटो उलटा करून तिनं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, जसा ती वर्गात निकाल वाचायची: "चाक फिरवले नाही. नापास." मग जरा थांबली. खाली आणखी एक ओळ लिहिली. "ग्रेसने पास."

आत्यानं साऱ्या नोकरीत कुणाला ग्रेस दिला नव्हता. तहसीलदाराच्या मुलीलाही नाही.

त्या फोटोला काकांनी चौकट करून आणली. आत्या होती तोवर तो तिच्या खाटेसमोर असायचा, आता माझ्या बैठकीत आहे. पुढं मी चांगले कॅमेरे घेतले. रामपायलीचं देऊळ काढलं, बैहरच्या बाजूचे जुने डाक बंगले काढले, भरवेलीतले साहेबांचे बंगले काढले. रेघा सरळ, उजेड नेमका, समोर एकही माणूस नाही. घरी दाखवले की सगळे विचारतात, "यात कोणी नाही?" आणि पुढचं पान उलटतात. एकदा चाक मुद्दाम न फिरवताही पाहिलं. देवळाच्या कळसावर बायकोचं डोकं आलं, आणि ते घरात कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

अजूनही कुणी घरी आलं की भिंतीवरच्या त्या एका फोटोसमोर थबकतं. "वा! काय फोटो आहे! कोणी काढला?" मी मान ताठ करून सांगतो, "मी." मग पाहुणा आणखी जवळ जातो, चष्मा सावरतो आणि विचारतो, "पण हे असं काढलं कसं?"

तेव्हा मी चहा टाकायला आत जातो.